पंचाची पुरणपोळी आणि माझी हरकत

चहा येईपर्यंत सांगून टाकतो, पण आधी कबूल करा की हे बाहेर कुणाला सांगणार नाही. तसं बारामतीत निम्म्या गावाला ठाऊक आहे आणि इंदापुरात सगळ्यांनाच, पण तरीही. चुका कुणाच्या होत नाहीत? माझ्या मात्र एका अर्जात एवढ्या झाल्या की आजही कोर्टाच्या आवारातून जाताना मी जरा मान खाली घालूनच जातो.

चौतीस-पस्तीस सालची गोष्ट असेल. मी पुण्याहून वकिली पास होऊन नुकताच बारामतीला आलो होतो. काळा कोट नवा, दारावरची पाटी नवी, खुर्च्या तेवढ्या जुन्या, त्याही सासऱ्यांनी दिलेल्या. पक्षकार मात्र एकही नाही. रोज सकाळी कोर्टात जायचं, वकिलांच्या खोलीत बसून दुसऱ्यांच्या खटल्यांच्या गप्पा ऐकायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगायचं, आज फार दगदग झाली. तिचा काही विश्वास बसत नसे, पण बिचारी चहा टाकायची.

माझे कारकून होते गोविंदराव. त्यांचं सगळं आयुष्य कोर्टाच्या पायऱ्या चढण्या-उतरण्यात गेलेलं. मी काहीही सांगितलं की ते "बरं" म्हणायचे. मला वाटायचं, माणूस किती आज्ञाधारक आहे. तो आज्ञाधारकपणा नव्हता, सहनशीलता होती, हे कळायला मला वेळ लागला.

अशात एक दिवस सणसरकडचे तात्या गावडे आले. माझे पहिले पक्षकार! साठीचा माणूस, डोक्याला पटका, खुर्चीच्या अगदी कडेला बसलेले. बंडीच्या खिशातून त्यांनी एक कागद काढला आणि माझ्यापुढं ठेवला.

भानगड अशी होती. तात्यांच्या खालच्या रानाला कालव्याचं पाणी जायचं ते त्यांचे चुलतभाऊ दादाराव यांच्या शेतातून. पाट वडलांच्या वेळेपासूनचा. दादारावांच्या डोक्यात आलं की हा पाट मोडायचा आणि तिथंही ऊस लावायचा. म्हणजे तात्यांचं खालचं रान कोरडं. तात्या कोर्टात गेले. कोर्टात दोघांनी मिळून सांगितलं की आम्हाला लवाद नेमून द्या, आमच्या दोघांचाही इंदापूरच्या आबांवर विश्वास आहे.

हे आबा म्हणजे कालव्याच्या दप्तरातले जुने कारकून, आता घरी बसलेले. पाणी कुठून कुठं जातं हे त्यांना झोपेतही ठाऊक. त्यांनी दोघांचं ऐकलं, जागा पाहिली, निवाडा लिहिला, लाखेनं बंद केला आणि कुणाला एक अक्षर न सांगता कोर्टात नेऊन दिला. मग कोर्टानं दोन्ही पक्षांना नोटीस धाडली: निवाडा आला आहे, हरकत असल्यास दहा दिवसांत द्यावी. तात्यांच्या खिशातून निघालेला कागद तो हाच.

"निवाडा आपल्या इरुद्ध गेलाय, वकीलसाहेब," तात्या म्हणाले.

मी विचारलं, कशावरून?

"कोर्टाची नोटीस आली की. जितलेल्या मानसाला कशाला नोटीस येतीय? आन् हरकत मागितलीया. मागितलीया म्हंजी द्याया नगं?"

आता तुम्हीच सांगा, इथं कुणी शहाणा वकील काय करील? निवाडा वाचील. मीही आबांच्याच हातची नक्कल मागवली. चार पानं होती, आणि चारही पानं मोडीत.

मोडी मला येत होती, नाही असं नाही. छापील असेल, अक्षरं सुटी असतील आणि कुणी घाई करत नसेल, तर मी बोट ठेवून वाचायचो. पण आबांनी सगळी हयात कालव्याच्या दप्तरात ती खरडलेली. त्यांची लेखणी कागदाला एकदा टेकली की ओळ संपेपर्यंत उचलायची नाही. मी पहिलं पान उजेडाकडं धरलं, लांब धरलं, जवळ धरलं. वरचा "श्री" कळला आणि खालची सही कळली. मधल्या मजकुराशी माझी काही ओळख झाली नाही.

गोविंदराव समोरच बसले होते. ते मोडी पाण्यासारखी वाचायचे. "जरा बघा हो" एवढं म्हणायचं होतं. पण बी.ए. एल्एल.बी. झालेल्या माणसानं, पहिल्याच पक्षकारासमोर, कारकुनाला विचारायचं की हे काय लिहिलंय? जीभ रेटेना. मी गंभीर चेहरा करून चारही पानं उलटली, अधूनमधून "हं" केलं आणि नक्कल टेबलाच्या खणात टाकून कुलूप लावलं.

शिवाय मला एक मोठा आधार होता. कॉलेजात आम्हाला घोकून घोकून शिकवलं होतं की लवादाचा निवाडा बरोबर की चूक, हे कोर्ट बघतच नाही. पंचानं रीत पाळली की नाही, एवढंच बघतं. एकाला बोलावलं आणि दुसऱ्याला नाही, एकाच्या पाठीमागं दुसऱ्याचं ऐकलं, एकाच्या घरी पाहुणचार झोडला, असं काही सापडलं की निवाडा कितीही न्यायाचा असो, कोसळलाच. मग वाचायचा कशाला? मी स्वतःला हे इतकं पटवलं की थोड्या वेळानं मला मोडी न येणं हाच कायद्याचा अभ्यास वाटायला लागला.

मी तात्यांना विचारलं, पंच वागले कसे?

तात्यांनी सांगितलं की पाट बघायला आले त्या दिवशी आबा दादारावांच्या घरी जेवले. पुरणपोळी होती. आणि पाट बघितला तो दादारावांना घेऊन. तात्या तिथं नव्हतेच.

मी खुर्चीतून उठलोच. एक सोडून दोन मुद्दे, तेही पहिल्या पक्षकाराकडून, घरबसल्या. तरी मी सावध होतो, हो. मी विचारलं, तुम्ही त्यांना काही खाऊ घातलंत? आमचीच बाजू उघडी पडायला नको.

"न्हाय. आमच्याकडं त्यांनी ताटाला हात लावला न्हाय."

"शपथेवर सांगाल?"

"खंडोबाची आन."

झालं. मी उभा राहून अर्ज सांगायला लागलो आणि गोविंदराव लिहायला लागले. पंचांचं वर्तन रीतीला सोडून आहे, त्यांनी एका पक्षाचा पाहुणचार घेतला, दुसऱ्यानं त्यांना कणभरही दिलं नाही, त्याच्या गैरहजेरीत जागेची पाहणी केली, सबब निवाडा रद्द व्हावा. चांगली तीन पानं झाली. शेवटी गोविंदराव मान वर न करता म्हणाले की साहेब, निवाड्यात काय दिलंय तेही एकदा कलमात आलं असतं तर. मी त्यांना मधेच तोडलं आणि सांगितलं की कायद्याच्या नजरेतून त्याचा काही संबंध नाही.

"बरं," गोविंदराव म्हणाले.

अर्ज मुदतीत दाखल झाला. तात्यांनी प्रतिज्ञेवर सही केली, म्हणजे अंगठा केला. पुढं तारीख पडेपर्यंत माझं काही खरं नव्हतं. जेवताना मी मनातल्या मनात युक्तिवाद करायचो आणि आमटीत साखर घालायचो. दुसऱ्या बाजूला बापूसाहेब होते, बारामतीतले सगळ्यांत जुने वकील. ते उभे राहिले की मुरलेले वकीलसुद्धा कागद सावरायचे. त्यांच्यापुढं मी काय बोलणार?

पण एक दिवस वकिलांच्या खोलीत बापूसाहेबांनी स्वतः माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, तुझा अर्ज वाचला, फार छान लिहिलायस. मी लिहिला असता तरी अगदी असाच लिहिला असता.

मी त्या दिवशी घरी जाताना बायकोसाठी गजरा घेऊन गेलो. हे तुम्हाला सांगायचं नव्हतं, पण बोलता बोलता गेलं तोंडातून.

तारखेचा दिवस उजाडला. चैत्राचं ऊन आणि त्यात तो नवा काळा कोट. कोर्टाच्या ओसरीवर तात्या एका साक्षीदाराला कसं उभं राहायचं ते शिकवत होते. पलीकडच्या बाकावर आबा बसले होते, पांढरं पागोटं, हातात काठी, माझ्याकडं ढुंकूनही बघत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांच्यावर आळ घेतला होता, आणि तो मी घेतला होता.

खटल्याला अजून थोडा अवकाश होता. मी गोविंदरावांना खणातून आणलेली नक्कल दिली आणि म्हटलं, पानांना नंबर घालून ठेवा. ते खांबाला टेकून उभे राहिले आणि नंबर घालता घालता वाचायला लागले. पहिलं पान झालं. दुसरं झालं. तिसऱ्यावर ते थांबले आणि पुन्हा मागं गेले.

"साहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "हा निवाडा आपल्या बाजूचा आहे."

मी म्हटलं, काय?

त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवलं. पाट आहे तिथंच राहावा. दादारावांनी तो मोडू नये, बुजवू नये, त्यात दगडमाती टाकू नये. तात्यांची पाण्याची पाळी पूर्वीप्रमाणं पूर्ण चालावी. दादारावांची मागणी खोटी आहे. खाली सही, आबा.

अहो, मी काय करून बसलो होतो! तात्यांना जे जे पाहिजे होतं ते सगळं आबांनी लिहून दिलं होतं आणि मी तीन पानं लिहून कोर्टाला विनवत होतो की हे रद्द करा. रद्द झालं असतं तर सगळं पहिल्यापासून: नवा पंच, नवी तारीख, आणि तोवर दादाराव पाटात माती टाकायला मोकळे. तात्यांचा पौषात लावलेला सुरू ऊस गुडघाभर झाला होता. चैत्र-वैशाखात पाणी तुटलं तर त्याची वैरणच व्हायची. आणि बापूसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात का ठेवला होता, तेही आत्ता लख्ख समजलं. त्यांनी निवाडा पहिल्याच दिवशी वाचला असणार. त्यांनाही तो रद्दच करून हवा होता, आणि ते काम मी आयतं करून ठेवलं होतं.

"अर्ज काढून घ्या," गोविंदराव म्हणाले. एवढ्यात आमचा पुकारा झाला.

तात्यांना सांगायला वेळच मिळाला नाही. खरं सांगायचं तर धीरही झाला नाही. मी आत गेलो, उभा राहिलो आणि एका दमात सांगितलं की अर्जदाराला अर्ज मागं घ्यायचा आहे, परवानगी असावी.

सबजज्ज साहेब तसे शांत गृहस्थ. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, कारण?

मी म्हटलं, "पक्षकाराचा विचार बदलला आहे."

मागून तात्यांचा आवाज आला. "न्हाय साहेब, इचार बदलला न्हाय. वकीलसाहेब घाबरल्यात."

कोर्टात हशा पिकला. मी मागं वळून तात्यांना डोळ्यांनी खूप काही सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी मलाच धीर देत मान हलवली.

बापूसाहेब सावकाश उठले. म्हणाले की दादारावांतर्फे या अर्जाला आमची काडीचीही हरकत नाही. माझ्या तरुण मित्रांनी लिहिलेलं अक्षर न् अक्षर खरं आहे. निवाडा रद्द व्हावा.

म्हणजे वादी म्हणतोय रद्द करा, प्रतिवादी म्हणतोय रद्द करा, आणि वादीचा वकील मधे उभा राहून घाम पुसतोय. साहेबांनी लेखणी उचलली. माझं काळीज तिच्या टोकाशी अडकलं होतं. पण तेवढ्यात काठीचा आवाज झाला. आबा उठून उभे राहिले होते.

"साहेब, माझ्यावर आळ घातलाय. निवाडा ठेवायचा का फाडायचा ते तुमी बघा. पन मला इचारल्याबिगर फाडू नगा. मी हितं साक्ष द्याया आलोय, ती दिल्याबिगर जानार न्हाय."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. आरोप प्रतिज्ञेवर केलेत, पंच हजर आहेत, तेव्हा अर्जदाराच्या वकिलांनी त्यांना विचारावं, असं म्हणाले. आता माझी पंचाईत बघा. ज्या माणसाला दोषी ठरवायला मी समन्स काढलं होतं, त्याच माणसाला निर्दोष सोडवायचं, तेही त्याची उलटतपासणी घेतोय असं दाखवून!

मी अगदी गोड आवाजात सुरुवात केली. म्हटलं, आबा, तुम्ही दादारावांकडं गेलात ते पाण्याच्या घोटापुरतेच, नाही का?

"पानी? पुरनपोळी खाल्ली."

"म्हणजे मान राखायला घास-दोन घास."

"चार पोळ्या खाल्ल्या. वर तूप. पाचवी वाढली ती तेवढी परत केली. खोटं कशाला सांगू?"

साहेबांनी लिहून घेतलं. चार. बापूसाहेब छताकडं बघून हसत होते. मी मनात म्हटलं, हा मुद्दा गेला, दुसरा धरू. विचारलं की पाट बघताना दादाराव सोबत असले तरी लांब उभे असतील, आपलं म्हणणं काही मांडत नसतील.

"लांब कुठलं? माझ्या कानाशीच व्हते. सारखं बोलत व्हते. मी दोनदा म्हनलं, दादाराव, गप ऱ्हावा, मला बघू द्या. तरी बोलतच व्हते."

अशा सरळ माणसाचं काय करायचं, सांगा! थोडं तरी आडवळणानं बोलावं की नाही? मी बुडत्यासारखा शेवटचा प्रश्न धरला. विचारलं, तात्यांना तुम्ही बोलावलंच नव्हतंत का?

"बोलावलं व्हतं की. मी सोता त्यांच्या गुऱ्हाळावर गेलतो. पन रसाची काहील चुलीवर व्हती, पाक उतरायला आलता. पाक सोडून मानूस हलत न्हाय, साहेब. तात्या म्हनले, आबा, तुमी जावा, तुमी बघितलं म्हंजी मी बघितलं."

मला त्या म्हाताऱ्याला उचलून नाचावंसं वाटलं. तात्यांनी स्वतःच संमती दिली होती! गैरहजेरीचा मुद्दा तिथंच मेला. माझाच मुद्दा मेला म्हणून मी हसतोय, हे बघून साहेबांनी भुवया उंचावल्या. इथं मी खाली बसायला हवं होतं. कुठल्याही वकिलाला विचारा, तो हेच सांगेल: हवं ते उत्तर मिळालं की खाली बस. पण आनंदात मी आणखी एक प्रश्न विचारला. म्हटलं, आणि पाट बघून झाल्यावर आपण थेट इंदापूरला गेलात?

"न्हाय. जाताना तात्यांच्या गुऱ्हाळावर पुन्हा टेकलो. रस पिलो, तांब्याभर. गरम गूळ खाल्ला शेंगदान्यासंगट. आन् निघताना त्यांनी काकवीचा डबा दिला, तो घरी नेला."

कळतंय ना काय झालं? निवाडा आमच्या बाजूचा, आणि पंचांना काकवीचा डबा आम्ही दिलेला. आता निवाडा रद्द होणं राहिलं बाजूला, तात्यांनी पंच फोडला असंच कुणीही म्हणालं असतं. अर्जात तर मीच तात्यांकडून शपथेवर लिहून घेतलं होतं की आम्ही कणभरही दिलं नाही.

मी मागं वळलो आणि आवाज चढवून विचारलं, तात्या, तुम्ही खंडोबाची शपथ घेतली होतीत ना?

तात्या बुचकळ्यात पडून उभे राहिले. "मग? ताटाला हात लावला न्हाय म्हनलो, ते खरंच हाय की. गुऱ्हाळावरचा रस म्हंजी काय जेवन असतंय व्हय? गुऱ्हाळावरनं कोन रिकाम्या हातानं जातंय? वाटंनं जानारा आला तरी त्याला देतो. दादारावानंबी त्याच दिशी डबा नेलाय. तुमी आला असता, साहेब, तर तुमास्नीबी दिला असता."

हे शेवटचं वाक्य त्यांनी सबजज्ज साहेबांकडं बघून म्हटलं. साहेबांनी चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसले.

आपल्याकडचा माणूस भाकरी खाऊ घातली तर लक्षात ठेवील, पण गुऱ्हाळावर दिलेला रस आणि गूळ दिला असं त्याच्या मनातच येत नाही. तो रिवाज आहे, दान नाही आणि पाहुणचारही नाही. मी पुण्याच्या पुस्तकांतून पाहुणचाराचा अर्थ काढत होतो आणि तात्या गुऱ्हाळावरचा काढत होते.

बापूसाहेब मात्र उठलेच होते. त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं की आता तर काही शिल्लकच राहिलं नाही, हा निवाडा काकवीच्या डब्यावर मिळवलेला आहे, तो एक क्षणही टिकता कामा नये.

साहेबांनी चष्मा घातला. "बापूसाहेब, तुमची हरकत कुठं आहे?"

बापूसाहेब म्हणाले, हा काय, अर्ज समोरच आहे.

"हा वादीचा अर्ज आहे. दादारावांचा अर्ज कुठं आहे?"

बापूसाहेबांनी कागद चाळले, मग पुन्हा चाळले. अर्ज नव्हताच. माझा आयता अर्ज बघून त्यांनी स्वतःचा केलाच नव्हता, आणि दहा दिवस कधीच होऊन गेले होते. बारामतीतले सगळ्यांत जुने वकील खाली बसले.

मग साहेबांनी हुकूम सांगितला. पंचांना पाट बघायला वादीनं स्वतः पाठवलं, तेव्हा त्याला गैरहजेरीची तक्रार करता येत नाही. पंच प्रतिवादीकडं पुरणपोळी जेवले आणि वादीच्या गुऱ्हाळावर गूळ खाऊन आले. दोघांनीही मनापासून खाऊ घातलं आणि पंचांनी दोन्हीकडचं तितक्याच मनापासून खाल्लं. पुरणपोळी भारी की काकवी, हे ठरवायचं काम या कोर्टाचं नाही. अर्ज नामंजूर, निवाडा कायम.

आणि माझ्याकडं वळून ते म्हणाले, "वकीलसाहेब, अर्ज नामंजूर झाल्यावर एवढा मोठा सुस्कारा सोडणारा वकील मी आजवर पाहिला नव्हता."

मी बाहेर आलो. आबा काठी टेकत माझ्याजवळून गेले. मी हात जोडून माफी मागितली. ते थांबले, म्हणाले, "लेका, हातात दिलेला कागूद आधी वाचावा," आणि चालू लागले. त्यांना कुणी सांगितलं होतं कोण जाणे. मला इतकी लाज वाटली की मी तिथंच खांबाआड उभा राहिलो.

तात्या मात्र पायरीवर डोक्याला हात लावून बसले होते. अर्ज नामंजूर एवढंच त्यांनी ऐकलं होतं. "बुडालो," म्हणत होते, "ऊस गेला, रान गेलं, आता म्हातारीला काय सांगू?" मी शेजारी बसून त्यांना समजावायला लागलो की आपण हरलो म्हणजेच जिंकलो. ते माझ्याकडं अशा नजरेनं बघत होते की याला आता वैद्याकडं न्यावं की काय. शेवटी गोविंदराव पुढं आले आणि त्यांनी निवाडा पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवला. पाट तिथंच राहावा. मोडू नये, बुजवू नये. पाळी पूर्ण चालावी.

तात्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. मग त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, काय लपवायचं. वेड्यासारखा जिंकलो असतो तर या माणसाचं रान मी माझ्या हातानं कोरडं केलं असतं.

तात्या बोटांवर कसला तरी हिशेब लावत बसले. मग हळूच म्हणाले, "म्हंजी तुमी जितला असता, तर माझं पानी गेलं असतं?"

मी म्हटलं, होय.

"आन् तुमी हरला म्हनून ऱ्हायलं?"

मी म्हटलं, तसंच.

त्यांनी मान डोलावली, पटका नीट बांधला आणि गेले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मला वाटलं, गेला माझा पहिला आणि शेवटचा पक्षकार.

पण दिवाळीनंतर तात्या पुन्हा दारात हजर! हातात गुळाची ढेप. चेहऱ्यावर तकाकी, ऊस जोरात आल्याचं तिथंच कळत होतं. या वेळी खुर्चीत ऐसपैस बसले. म्हणाले, वरच्या अंगाच्या शेजाऱ्याशी बांधावरनं लागलंय, पुन्हा कोर्टात जावं लागतंय. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! झालं गेलं विसरून माणूस माझ्याकडंच आला होता. मी लगबगीनं कोरं वकीलपत्र काढलं, दौत पुढं ओढली आणि अंगठ्यासाठी शाईही लावायला घेतली.

तात्यांनी हात मागं घेतला.

"माझं वकीलपत्र बापूसाहेबांस्नी दिलंय," ते अगदी मायेनं म्हणाले. "तुमच्याकडं येगळ्याच कामाला आलोय. शेजाऱ्याला अजून वकील मिळंना. मी त्याला तुमचं नाव सांगितलंय. उद्या यील तो, तेवढं न्हाय म्हनू नगा."